दोनशे अकरावं पान

आमच्या सरांना आयर्लंड सापडलं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. एका अंगाला चवरीसच्या, म्हणजे गोव्याच्या तिखट सॉसेजच्या माळा, दुसऱ्या अंगाला खाऱ्या बांगड्यांचे ढीग, आणि मधल्या गोणपाटावर हिप्प्यांनी विकून टाकलेली इंग्रजी पुस्तकं. किनाऱ्यावरच्या गोऱ्यांची चैन संपत आली की ते आधी घड्याळ विकायचे, मग गिटार, आणि अगदीच वेळ आली की पुस्तकं. सरांनी त्यातलं एक पातळ पुस्तक उचललं, उभ्याउभ्या उघडलं आणि तिथेच रुतले. ऊन कललं, बाजार उठायला लागला, शेजारची चवरीसवाली टोपली डोक्यावर चढवून निघाली आणि जाता जाता म्हणाली, "पात्रांव, घरा जावा आता. पुस्तक काय पळान जाणा नाय."

हा प्रसंग मी सरांच्या तोंडून सतरा वेळा तरी ऐकला. दर वेळी ऊन वेगळं असायचं, चवरीसवालीचं वय वेगळं असायचं. पण पुस्तक जिथं उघडलं ती कविता मात्र कधी बदलली नाही. त्या कवितेत एक आई सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःची बशी पालथी घालून ठेवते आणि म्हणते, मी रांधतानाच जेवले. तिचा मुलगा मोठा झाल्यावर, आई गेल्यावर, ती बशी उचलून बघतो. एवढीच कविता. "ही बाई आयर्लंडात राहते असं त्या पुस्तकात छापलंय," सर म्हणायचे. "माझा विश्वास नाही. ही आमच्या पेडण्याची."

त्या पुस्तकाचा मासळीचा वास शेवटपर्यंत गेला नाही. सर ते उघडत तेव्हा खालच्या कापडाच्या दुकानातलं मांजर जिना चढून वर येई आणि पुस्तक मिटेपर्यंत त्यांच्या पायांत घोटाळत राही.

वर म्हणजे आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, डिचोलीच्या बाजारात. तिथं मी शिकायला गेले आणि शिकवायला राहिले. तेव्हा मी वीस वर्षांची होते. माझे बाबा सिंधुदुर्गातून येऊन खाणीवर ट्रक चालवणारे. दिवसभर रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे आणि त्यांची तांबडी धूळ टाइपरायटरच्या दांड्यादांड्यांत जाऊन बसायची. संध्याकाळी मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं यंत्राचे दात घासायची.

एके दिवशी जिन्यावर छत्रीची टकटक झाली आणि एक उंच, काटकुळे, शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेले गृहस्थ दारात उभे राहिले. गावातल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात हे मला ठाऊक होतं. ते रोज चोपड्याहून फेरीबोटीनं शिवोलीला उतरत, तिथून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली. दोन बसगाड्या आणि एक नदी ओलांडून आलेला माणूस थकलेला असावा; हे तर आत्ताच अंघोळ करून निघाल्यासारखे.

"प्रबंध टाइप करायचाय."

"किती पानं आहेत, सर?"

"अजून लिहिलेला नाही. मी बोलणार, तू टाइप करणार."

मग त्यांनी विषय सांगितला. समकालीन आयरिश कवितेतलं बालपण, कुटुंब आणि दारिद्र्य. मी आपलं प्रामाणिकपणे म्हटलं, "सर, मला आयरिश काही कळायचं नाही."

त्यांनी छत्री टेबलाला टेकवली. "तुझा बाप काय करतो?"

"ट्रक चालवतात. खाणीवर."

"घरात पाहुण्यांसाठी वेगळे कप आहेत?"

"आहेत. सहा. कपाटात वरती."

"त्यातून तू कधी चहा प्यालीस?"

"नाही."

"मग तुला काही अडचण नाही. बस मशीनवर."

त्यांचा एकच नियम होता. ते बोलतील ते सगळं टाइप करायचं, मध्ये थांबायचं नाही, विचारायचं नाही. "तू थांबलीस तर मी थांबेन. आणि मी थांबलो की किती वर्षं थांबेन ते मला सांगता येत नाही." ही थट्टा नव्हती. प्रबंधाला तेव्हाच सहा वर्षं झाली होती आणि कागदावर शीर्षक होतं फक्त.

सर बोलताना कधी बसले नाहीत. खुर्ची दिली तर तिच्यावर पुस्तक ठेवायचे आणि स्वतः गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. तीन फेऱ्यांचा एक परिच्छेद. गॅलरीच्या त्या टोकाला गेले की त्यांचा आवाज बसस्टँडच्या गलक्यात बुडायचा, म्हणून मी त्यांच्या ओठांकडे बघून टाइप करायला शिकले. त्या काळात माझा वेग मिनिटाला साठ शब्दांवर गेला, तो आयर्लंडच्या गरिबीमुळे.

आणि काय सांगू, ते त्या कवींबद्दल बोलायचे कसे, तर शेजारच्या वाड्यावरच्या माणसांबद्दल बोलावं तसे. नावं प्रबंधात असायची. बोलण्यात मात्र 'तो पोस्टमनचा मुलगा', 'ती विधवेची धाकटी', 'तो बावीस वर्षं इंग्लंडात विटा वाहणाऱ्याचा थोरला'. सकाळी आल्या आल्या, छत्री टेकवायच्या आत म्हणायचे, "बाय, त्या विधवेच्या मुलींकडे एकच कोट होता, ठाऊक आहे? मोठी सकाळच्या प्रार्थनेला जायची. ती परत येईपर्यंत धाकटी दाराशी उभी. मग तोच कोट घालून दुपारच्या प्रार्थनेला. गावाला वाटायचं, किती धार्मिक घर, दिवसभर कुणी ना कुणी देवळात असतंच."

असलं काही ऐकून मी घरी गेले की माझं जेवणात लक्ष नसायचं. आईनं एकदा विचारलंच, "काय गो झाला?" मी तिला त्या विटा वाहणाऱ्याच्या थोरल्याचं सांगितलं. त्याचा बाप नाताळाला इंग्लंडहून घरी यायचा तो भलीमोठी सूटकेस घेऊन, गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत. उघडली तर आत वर्तमानपत्रं कोंबलेली आणि मध्ये एक संत्रं. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. दोन दिवसांनी तिनं मला बाजूला घेतलं. "ही माणसां खयची ती माका म्हायत नाय. पण एवढे हाल होतत तर आमी थोडे तांदूळ धाडूया. सरांका इचार, कोण जाणारो आसा काय."

मी हे सरांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते फेरी मारता मारता थांबले आणि म्हणाले, "आतापर्यंत आयरिश कवितेवर जितकी टीका वाचली, त्यात हे सगळ्यात चांगलं वाक्य."

टीकेची त्यांची पद्धतही अशीच. टाइप झालेलं पान हातात घेऊन ते खाली जायचे. बसस्टँडजवळ ट्रक लावून चहा पिणारे दोन ड्रायव्हर होते, बाबांच्या ओळखीचे. सर त्यांच्यासमोर उभे राहून त्या पानावरची कविता आपल्या बोलीत सांगायचे. ड्रायव्हरांनी "होय, आमच्या घरातसुद्धा असांच" म्हटलं, की पेननं समासात बरोबरची खूण. ते गप्प बसले, की प्रश्नचिन्ह. एकदा एका कवीनं लिहिलं होतं की गरिबीमुळे माणसाला निसर्ग अधिक सुंदर दिसतो. थोरल्या ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. "सर, ह्या मनशाक आमच्याकडे पाठवा. एक दिवस खाणीर नेतंय." त्या कवीचं आख्खं प्रकरण गेलं.

सरांचं एक म्हणणं होतं, ते वर्गातही सांगायचे. गरिबाच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे झाकण. भांडं रिकामं असलं तरी त्यावर झाकण असतं. बाहेरच्याला कळू द्यायचं नाही, एवढ्यासाठी घरातली सगळी माणसं आयुष्यभर काम करत असतात. कवी जन्माला येतो तो झाकण उचलायला, आणि म्हणून कवीच्या घरचे त्याच्यावर रागावलेले असतात. हे बोलताना सर स्वतः गळ्यापर्यंत बटणं लावून उभे असायचे. ही गंमत तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. त्यांच्या घराबद्दल डिचोलीत कुणाला काही माहीत नव्हतं. नीटनेटके कपडे, झकास इंग्रजी. पेडण्याच्या एखाद्या व्यापाऱ्याचे चिरंजीव असतील असं सगळे समजायचे. सरांनी तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि नाही असंही म्हटलं नव्हतं.

तीन वर्षांत बाप झाला, घर झालं, भावंडं झाली, परदेशी गेलेले काका-मामा झाले. राहिलं एकच प्रकरण: आई. आणि ते काही केल्या हलेना. मी कागद चढवायची, वर मोठ्या अक्षरांत 'आई' असं इंग्रजीत टाइप करायची, सर एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "चहा घेऊन येतो." कधीकधी त्या चहाला आठवडा लागायचा.

इकडे विद्यापीठानं तीनदा मुदत वाढवून दिली होती. चौथ्यांदा पत्र आलं ते सरळ होतं. मार्चअखेर प्रबंध हातात पडला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे नऊ वर्षं, दोन बसगाड्या, एक नदी, दोनशे पानं, सगळं पाण्यात. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "माझी आई दर चवथीला विचारते, 'झाला तुजा?' दर वेळी मी सांगतो, होत आलंय. यंदा काय सांगू?"

मार्च संपायला तीन दिवस होते. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. सर आले, छत्री टेकवली, आणि 'बाय' वगैरे काही न म्हणता बोलायलाच लागले. मी कागद चढवीपर्यंत पहिलं वाक्य निसटलंसुद्धा. असे बोलले, असे बोलले, की मी रिबन बदलायलाही थांबले नाही; शेवटची चार पानं फिक्कट आहेत ती त्यामुळे. पालथी बशी आली, दुसऱ्या आया आल्या, आणि मग मध्येच, आवाजही न बदलता, एक कविता आली.

एक मोठं घर. जमीनदाराचं. त्याच्या मागच्या अंगणात एक बाई भात कांडते. तिला कामावर पोरं आणायची परवानगी नाही, कारण पोरं आली की खातात. एके दिवशी तिचा आठ वर्षांचा मुलगा शाळेत पहिला येतो आणि आईला सांगायला धावत तिथं पोचतो. अंगात निळा शर्ट, बटणांपैकी एकच काळं. ओसरीवर घरची म्हातारी बसलेली. ती विचारते, हा कुणाचा? आई मुसळ न थांबवता म्हणते, मला ठाऊक नाही, वाट चुकला असेल. मुलगा आईकडे बघतो. त्याला समजतं. तोही म्हणतो, होय, मी वाट चुकलो. मग घरातली सून पायरी उतरून येते आणि त्याला त्याच्याच घराची वाट दाखवते. रात्री आई त्याला जास्त वाढते. दोघं त्याबद्दल काही बोलत नाहीत. कधीच.

नियम म्हणजे नियम, मी थांबले नाही. पुढे सर म्हणाले की दारिद्र्याची लाज ही एकट्या आईनं वाहायची असते, त्या घराला ती दिसतसुद्धा नाही, घर आंधळं असतं. या एका मुद्द्यावर त्यांनी पुढची अकरा पानं उभी केली. मग घड्याळ पाहिलं, फेरीबोट चुकेल म्हणाले आणि निघाले. जिन्यावरून सांगितलं, "मी हे वाचणार नाही. तूच तपास आणि बांधायला दे."

तपासताना मला दिसलं की त्या कवितेला तळटीपच नाही. कवी कोण, पुस्तक कोणतं, काही नाही. आता नऊ वर्षांतली तीन वर्षं मी या धंद्यात मुरले होते. तळटिपांत सर वारंवार 'इबिड' असा एक लॅटिन शब्द घालायला सांगत. त्याचा अर्थ, वर सांगितलेलंच पुस्तक. माझी मात्र समजूत अशी झाली होती की जिथं वेगळं काही सांगायचं नसतं तिथं इबिड घातलं की काम भागतं. मी शहाणी. घातलं इबिड. झालं. माझ्या एका शब्दानं ती कविता वरच्या तळटिपेतल्या एका जित्याजागत्या आयरिश कवीच्या नावावर चढली. पान दोनशे अकरा.

तोंडी परीक्षा पावसाळ्यानंतर ठेवली. विद्यापीठाच्या सूचनेत लिहिलं होतं, 'इच्छुकांनी उपस्थित राहावे.' सरांनी हे शब्दशः घेतलं. प्राध्यापकमंडळी पुढच्या दोन रांगांत. त्यांच्या मागे मी, आईची चांगली साडी नेसून. माझ्या शेजारी दोन्ही ड्रायव्हर, खाकी कपड्यांत, ट्रक खाली लावून. आणि शेवटच्या रांगेत एक बारकीशी म्हातारी, घोट्याच्या वर लुगडं, हातात रिकामी पिशवी. सरांची आई. आम्ही तिला पहिल्यांदाच बघत होतो. धाकटा ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "ही शेतावर कामाक जाणारी. हात बघ." मी हात पाहिले आणि व्यापाऱ्याचे चिरंजीव माझ्या डोक्यातून नाहीसे झाले.

बाहेरगावचे परीक्षक लहानखुरे, शांत. स्वतः दोन वर्षं आयर्लंडात राहून आलेले. तासभर प्रश्नोत्तरं उत्तम चालली. मग त्यांनी प्रबंधातली खुणेची चिठ्ठी काढली.

"पान दोनशे अकरा. हे पुस्तक माझ्याकडे आहे. काल मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चाळलं. ही कविता त्यात नाही. त्या कवीच्या कुठल्याच पुस्तकात नाही. आणि तुमच्या प्रबंधातली ही सगळ्यात चांगली कविता आहे. कुणाची?"

"कोणती?" सरांनी विचारलं. त्यांनी खरंच ते पान वाचलं नव्हतं.

परीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं. मोठं घर, मुसळ, निळा शर्ट, काळं बटण. वाचता वाचता सरांचा चेहरा असा होत गेला, जसं काही रस्त्यात कुणी आपली हरवलेली वस्तू आपल्याच खिशातून काढून दाखवावी. त्या दिवशी बोलता बोलता आपण हे बोललो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी उभी राहिले. "साहेब, तळटीप माझी आहे. सरांनी सांगितली नव्हती. मी आपल्या मनानं इबिड घातलं."

सगळ्या रांगा माझ्याकडे वळल्या. सरांच्या मार्गदर्शकांनी सुटकेचा श्वास टाकला. "टंकलेखनाची चूक," ते घाईघाईनं म्हणाले. "पान काढून टाकू. बाकी प्रबंधाला धक्का नाही."

"तळटीप चुकली हे समजलं," परीक्षक म्हणाले. "पण कविता कुठून आली?"

आता सरांपुढे दोनच वाटा होत्या. काढून टाका म्हणायचं आणि पदवी घेऊन घरी जायचं. नाहीतर खरं सांगायचं. मग आयरिश कवितेच्या प्रबंधात स्वतःची गोष्ट घुसडली म्हणून नऊ वर्षं फुकट जाण्याची पुरती शक्यता. वर सगळ्या सभागृहासमोर, आणि मागे बसलेल्या त्या बाईसमोर, झाकण उचलायचं.

सर व्यासपीठावरून उतरले. रांगांच्या मधून सरळ शेवटपर्यंत चालत गेले आणि आईसमोर उकिडवे बसले. आम्ही सगळे माना वळवून बघत होतो.

"काय झाला?" म्हातारीनं विचारलं. "नापास केल्यानी?"

"अजून नाय. आये, भाटकाराच्या मोठ्या घराकडचा तां सांगू?"

"खयचा?"

"मी पयलो इल्लंय, आणि तू माका वळख दाखवलंस नाय."

पिशवीवरचे हात थांबले. "तुका तां आठवता?"

"आठवता."

"माका वाटलां, तू इसारलंस." मग, "काय लिवलंस?"

सरांनी सांगितलं. हळू सांगितलं, पण पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. की तू एकटीनं ती लाज वाहिलीस, आणि त्या घरातल्या कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

"तां खरा नाय," म्हातारी म्हणाली.

"खयचा खरा नाय?"

"भाटकारणीक, त्या सुनेक, म्हायत होता. तुज्या अंगार शर्ट कोणाचो होतो?"

सरांचा हात आपल्या गळ्याच्या बटणाकडे गेला.

"तिच्या झिलाचो, पोराचो. तिणांच दिल्लो. एक बटण नव्हता, तां आपल्या हातान लावन दिल्लो. तो शर्ट तिका वळखाक येवचो नाय? सासू बसलेली थंय. सासवेक कळला असता तर माजा काम गेला असता. म्हणान तिणां तुका वाट दाखयली, बेगीन भायर काडूक. सांजेक माज्या पदरात दोन मापां जास्त घातल्यान. मी तिच्याकडे बघूक नाय. ती माज्याकडे बघूक नाय. झाला."

आयर्लंडातल्या प्रत्येक कपाचा, कोटाचा, बशीचा अर्थ लावणारा माणूस. त्याच्याच अंगातल्या शर्टाला कुणाच्या घरचं बटण होतं, हे त्यानं पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या अंगणात खोटं बोलणारी माणसं दोन नव्हती, तीन होती. आणि तिघंही एकमेकांसाठी.

सर उठले. व्यासपीठाकडे गेले ते मात्र वेगळ्याच चालीनं, भराभर.

"ती कविता नाही. माझी आई आहे. ती तिथं मागे बसलीय," सर म्हणाले. "आणि पान काढावंच लागेल. टंकलेखनाची चूक म्हणून नव्हे. या मुलीची काही चूक नाही, मी बोलेन ते सगळं टाइप कर असं मीच सांगितलं होतं. पान काढायचं, कारण त्यातला अर्थ चुकलाय." आणि आईनं सांगितलेलं त्यांनी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. शर्ट, बटण, सासू, दोन मापं.

परीक्षकांनी चष्मा काढला. "पण या पानावर पुढची अकरा पानं उभी आहेत."

"तीही काढा. ते घर आंधळं होतं असं मी लिहिलंय. घर आंधळं नव्हतं. मी आंधळा होतो."

मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. माझ्या शेजारचा थोरला ड्रायव्हर पुटपुटला, "हो माणूस आपल्या हातानच ट्रक दरीत घालता." पण त्याच्या आवाजात जे होतं ते मी आजवर कुणा पदवीधराबद्दल कुणाच्या आवाजात ऐकलेलं नाही.

परीक्षक मंडळी आत गेली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सर भिंतीशी उभे. मी मनातल्या मनात जगातल्या सगळ्या इबिडांना शिव्या घातल्या. अखेर दार उघडलं. पदवी द्यायची शिफारस झाली होती, एका अटीवर. आईचं प्रकरण पंधरा दिवसांत नव्यानं लिहायचं, आणि दोनशे अकरावं पान काढायचं नाही. आईच्या दुरुस्तीसकट ठेवायचं, खऱ्या तळटिपेसह. परीक्षक म्हणाले, आयर्लंडात राहून त्या कवितांबद्दल जे कळलं नव्हतं ते आज कळलं. मग ते मागच्या रांगेपर्यंत गेले आणि म्हातारीला वाकून नमस्कार केला. तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि लेकाला विचारलं, "हो बाबडो केदो बारीक. जेवलो काय?"

तिसऱ्या दिवशी सर आमच्या माडीवर आले ते आईला घेऊन. म्हातारी एकेक पायरी करत जिना चढली. मी खुर्ची पुढे केली, ती खिडकीशी जमिनीवरच बसली, मांजर तिच्या मांडीवर. मी कागद चढवला. सरांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. मग तिच्यापाशी थांबले.

"आये, एवढी वर्सां ह्यां तू माका सांगलंस कित्याक नाय?"

तिनं मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. रागावली नव्हती, साध्या गोष्टीचं साधं उत्तर द्यावं तसं म्हणाली, "तू माका कधी इचारलंस? नव वर्सां त्या दर्याच्या पलीकडच्या आयांक इचारीत बसलंस."

सर खाली, तिच्यासमोर बसले.

"इचार आता," ती म्हणाली. "सांजेच्या फेरीबोटीक वेळ आसा."